कामाची वाटणी की शिकण्याची देवाणघेवाण?

गटाने करायचा प्रकल्प दिला की वर्गात काय होते, हे शिक्षकांना सांगायला नको. पाच जणांच्या गटात एक जण काम करतो, एक जण त्याला हवे ते आणून देतो, एक जण सुंदर अक्षरात मुखपृष्ठ लिहितो आणि उरलेले दोघे सादरीकरणाच्या दिवशी मागे उभे राहतात. गुण मात्र पाचही जणांना सारखेच मिळतात. प्रकल्प पुरा झाला, पण शिकले कोण, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

संगणकाच्या वर्गात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. समजा, संकेतस्थळे तयार करण्याचे, म्हणजे वेब डेव्हलपरचे, शिक्षण घेणाऱ्या चोवीस जणांना एक दिवस दिला आणि 'सगळ्यांनी मिळून एक संकेतस्थळ बनवा' असे सांगितले. संध्याकाळी संकेतस्थळ तयार असेलही. पण त्यातील बहुतेक ओळी तीन-चार जणांनी लिहिलेल्या असतील. ज्यांना आधीपासून येत होते त्यांचा सराव झाला. ज्यांना येत नव्हते त्यांनी तो पाहिला. असा दिवस 'सहकार्याचा' म्हणता येईल काय?

गंमत अशी की, या अडचणीवरची उत्तरे गेल्या ऐंशी वर्षांत निरनिराळ्या ठिकाणी, एकमेकांची फारशी दखल न घेता शोधली गेली. काही संगणकाच्या खोलीत सापडली, एक तर चक्क प्राथमिक शाळेच्या वर्गात. शिकाऊ वेब डेव्हलपरांसाठी एकत्र शिकण्याचा दिवस आखायचा तर हा इतिहास हाताशी असलेला बरा. तो संगणक न शिकवणाऱ्या शिक्षकांच्याही उपयोगाचा आहे.

'एनिअ‍ॅक'च्या खोलीतील जोड्या

मिळून प्रोग्रॅम लिहिण्याचा इतिहास इलेक्ट्रॉनिक संगणकाइतकाच जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये 'एनिअ‍ॅक' हा प्रचंड संगणक बांधला गेला. त्यात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या. १९४५ साली त्यावर काम करण्यासाठी सहा तरुणींची निवड झाली: के मॅकनल्टी, बेटी स्नायडर, जीन जेनिंग्ज, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन. तोफगोळ्यांच्या मार्गांची गणिते मेजावरच्या गणनयंत्रांवर करणे हे लष्कराचे त्या काळचे मोठे काम होते आणि या मुली त्याच कामातून आल्या होत्या.

प्रोग्रॅम लिहायला शिकवणारे पुस्तक तेव्हा अस्तित्वातच नव्हते. मुलींच्या हाती पडले ते यंत्राच्या विद्युत्‌मंडलांचे आराखडे. त्यावरून यंत्र कसे चालते हे त्यांनी शोधून काढले. एनिअ‍ॅकचा प्रोग्रॅम म्हणजे टंकलेला मजकूर नव्हे. शेकडो कळी योग्य स्थितीत ठेवणे आणि तारांनी यंत्राचे भाग जोडणे म्हणजे प्रोग्रॅम. एक तार चुकली की उत्तर चुकले. या मुली जोड्याजोड्यांनी काम करीत. एकीने मांडलेले दुसरीने तपासायचे, त्यातील चूक शोधायची आणि चूक दाखवल्याबद्दल कोणी रुसायचे नाही, अशी जेनिंग्ज आणि स्नायडर यांच्या जोडीची रीत होती.

१५ फेब्रुवारी १९४६ रोजी एनिअ‍ॅकचे प्रात्यक्षिक ठरले. तोफगोळ्याचा मार्ग काढण्याचा प्रोग्रॅम या दोघींकडे होता. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सर्व काही ठीक होते. फक्त गोळा जमिनीवर पडल्यानंतरही गणित थांबत नव्हते. गोळा जणू जमीन फोडून खाली खाली चालला होता. रात्री उशिरा दोघी घरी गेल्या. सकाळी स्नायडर आली, सरळ यंत्रापाशी गेली आणि एक कळ बदलली. चूक नेमकी कुठे आहे हे तिला झोपेत उमगले होते, असे तिच्या जोडीदारणीने पुढे आठवणींत सांगितले आहे. प्रात्यक्षिक यशस्वी झाले.

उत्तर सापडले एकीला, पण त्याआधी दोघींनी मिळून सगळी तपासणी केली होती. कोणत्या शंका खोट्या आहेत हे ठरून गेले होते आणि खरी जागा तेवढी उरली होती. अशा कामात 'हे कोणी केले?' या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नसते. म्हणूनच श्रेयाचा प्रश्न बिकट होतो. प्रात्यक्षिकानंतर झालेल्या मेजवानीला या सहा जणींना बोलावलेच नव्हते. त्यांची नावे बराच काळ लोकांना ठाऊकच नव्हती. १९८० च्या दशकात कोणीतरी जुन्या छायाचित्रांतील या बायका कोण, असा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांचा शोध सुरू झाला. गटकार्यात कोणाचे काय होते याची नोंद ठेवली नाही, तर जे कमी बोलतात त्यांची नावे सर्वांत आधी पुसली जातात.

तेरा ओळी, सतरा चुका

पुढील पंचवीस वर्षांत संगणक वाढले आणि प्रोग्रॅम लिहिणे हा एकट्याने करायचा व्यवसाय बनत गेला. प्रत्येकाचा प्रोग्रॅम ही त्याची मालमत्ता झाली. तिच्यातील चूक दाखवणे म्हणजे माणसाचा दोष काढणे, असे होऊ लागले. जेराल्ड वाइनबर्ग या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९७१ साली 'द सायकॉलॉजी ऑफ कॉम्प्यूटर प्रोग्रॅमिंग' या पुस्तकात या वृत्तीवर बोट ठेवले. माणूस आपल्या प्रोग्रॅमला आपल्याच देहाचा भाग समजू लागला की त्याला त्यातील चुका दिसेनाशा होतात, असे त्याचे म्हणणे होते. उपाय म्हणून त्याने अहंकार बाजूला ठेवून प्रोग्रॅम लिहिण्याची रीत सुचवली. प्रोग्रॅम लिहून झाला की तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि चुका शोधायला सांगायचे.

त्या पुस्तकात एक उदाहरण आहे. एका प्रोग्रॅमरने आपला प्रोग्रॅम सहकारी स्त्रीला तपासायला दिला. तिला अवघ्या तेरा ओळींत सतरा चुका सापडल्या. तो चिडला नाही. दोघांनी मिळून चुका दुरुस्त केल्या. शाळेतील वह्या तपासण्याचा अनुभव असलेल्या कोणालाही यातील अवघड भाग कोणता हे कळेल. सतरा चुका शोधणे सोपे आहे. त्या ऐकून घेता येतील असे वातावरण तयार करणे कठीण आहे. वाइनबर्गने प्रश्न नेमका मांडला, पण हे वातावरण वर्गात कसे आणायचे, याचे उत्तर दुसरीकडे मिळाले.

ऑस्टिनच्या शाळेतील कोडे

त्याच १९७१ साली टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहराच्या शाळांत वेगळाच पेच उभा होता. तोवर वेगवेगळ्या शाळांत शिकणारी गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले न्यायालयांच्या आदेशांमुळे एका वर्गात आली होती. एकत्र आणले म्हणजे मैत्री होईल ही आशा फोल ठरली. मारामाऱ्या होऊ लागल्या. टेक्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांचे विद्यार्थी वर्गात बसून नुसते पाहू लागले. त्यांना दिसले ते असे: शिक्षक प्रश्न विचारतात, आठ-दहा हात वर जातात, एकाला संधी मिळते, बाकीचे हिरमुसतात. तो चुकला की त्यांचे हात पुन्हा उत्साहाने वर येतात. म्हणजे शेजाऱ्याचे चुकणे ही माझी संधी. अशा वर्गात मुले शेजारी बसली तरी एकमेकांची होणार कशी?

अ‍ॅरन्सन यांनी वर्गाची रचनाच बदलली. पाच-सहा मुलांचा एक गट. धडा एखाद्या व्यक्तीच्या चरित्राचा असेल तर त्याचे तितकेच तुकडे करायचे आणि प्रत्येक मुलाला एकच तुकडा द्यायचा. संपूर्ण चरित्र कोणाकडेच नाही. आता सर्व गटांतील 'पहिला तुकडा' असलेली मुले काही वेळ एकत्र बसतात आणि तो नीट समजून घेतात. दुसऱ्या तुकड्याची मुलेही तसेच करतात. मग प्रत्येक जण आपल्या मूळ गटात परततो आणि आपला भाग इतरांना शिकवतो. शेवटी चाचणी, ती मात्र एकट्याची आणि सगळ्या धड्यावर. चित्राचे तुकडे जुळवायच्या कोड्यासारखी ही रचना असल्याने तिला 'जिगसॉ' वर्ग असे नाव पडले.

या पद्धतीबद्दल अ‍ॅरन्सन यांनी सांगितलेला एक प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. एका मुलाची मातृभाषा स्पॅनिश होती. इंग्रजीत बोलताना तो अडखळे. पहिल्या दिवशी गटातील मुलांनी त्याची टर उडवली. तेव्हा देखरेख करणाऱ्या साहाय्यकाने त्यांना उपदेश केला नाही. तो एवढेच म्हणाला की, त्याच्याकडे असलेला भाग तुम्हांला दुसरीकडे मिळणार नाही आणि थोड्या वेळाने चाचणी आहे. मुलांची वागणूक एका दिवसात बदलली नाही, पण हळूहळू ती त्याला नेमके प्रश्न विचारायला शिकली. नेमके प्रश्न आल्यावर तो नीट सांगू लागला. त्याला वाटते त्यापेक्षा बरेच येते, हेही त्यांना कळले. येथे बदलली ती परिस्थिती. मग स्वभाव तिच्यामागोमाग आले.

सुरुवातीच्या अभ्यासांत दिसले की, अशा वर्गांतील काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांचे गुण वाढले आणि गोऱ्या मुलांचे काही नुकसान झाले नाही. पुढचे निष्कर्ष मात्र इतके एकसुरी नाहीत. जर्मनीत बारावीच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुले स्वतः शिकवलेल्या भागात पुढे होती. मित्राकडून ऐकलेल्या भागात तसा फायदा दिसला नाही. शिकवणारा शिकतो, नुसता ऐकणारा तितका शिकत नाही, हे आपणा शिक्षकांना अनुभवाने ठाऊक आहेच. ही मर्यादा ध्यानात ठेवून पुढे जाऊ, कारण वेबच्या वर्गात ती लगेच आड येते.

वेबच्या तीन भाषा

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधन संस्थेत मार्च १९८९ मध्ये वेबचा पहिला प्रस्ताव मांडला आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर चालवून दाखवला. तो पाने नुसती दाखवीत नसे, त्यात पाने लिहिताही येत. वाचणारा तोच लिहिणारा, अशी मूळ कल्पना होती. पण तो 'नेक्स्ट' या एकाच प्रकारच्या संगणकावर चाले. त्याच सुमारास निकोला पेलो ही गणिताची विद्यार्थिनी इंग्लंडमधून प्रशिक्षणासाठी सर्नला आली होती. साध्यासुध्या संगणकांवरही चालेल असा, फक्त अक्षरे दाखवणारा ब्राउझर लिहिण्याचे काम तिच्याकडे आले आणि तिने ते केले. वेबच्या पहिल्या काही कारागिरांत एक शिकाऊ विद्यार्थिनी होती, हे आपल्या विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे तंत्र सर्वांसाठी मोफत खुले केले. ब्राउझरमध्ये कोणत्याही पानाचा मूळ मजकूर उघडून पाहण्याची सोय होती. दुसऱ्याचे पान उघडायचे, कसे लिहिले आहे ते पाहायचे, थोडे बदलायचे, असे करीत त्या दशकात असंख्य लोक पाने लिहायला शिकले. हे शिकणे दुसऱ्यांमुळे होते, पण दुसऱ्यांबरोबर नव्हते.

पाने गुंतागुंतीची होऊ लागली तशा तीन भाषा पुढे आल्या. पहिली एचटीएमएल; ती बर्नर्स-ली यांची. दुसरी सीएसएस, तिचा प्रस्ताव हाकोन व्ह्यूम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडला. तिसरी जावास्क्रिप्ट, ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये तिचे पहिले रूप दहा दिवसांत तयार केले. शाळेच्या क्रीडास्पर्धांच्या निकालाचे पान घ्या. हे शीर्षक आहे, हा तक्ता आहे, या ओळीत नाव आणि या रकान्यात वेळ आहे, हे एचटीएमएल सांगते. तक्त्याच्या ओळी कोणत्या रंगाच्या असाव्यात, मोबाईलच्या अरुंद पडद्यावर तक्ता कसा बसावा, हे सीएसएस सांगते. 'इयत्तेप्रमाणे लावा' असे बटण दाबले की ओळींचा क्रम बदलण्याचे काम जावास्क्रिप्ट करते.

तीन भाषा, म्हणून तिघांत वाटणी सहज सुचते. प्रत्यक्ष काम करताना मात्र कळते की ही वाटणी स्वतंत्र नाही. एचटीएमएल लिहिणाऱ्याने तक्त्याला 'निकाल' असे नाव दिले आणि सीएसएस लिहिणाऱ्याने ते 'निकाल-तक्ता' असेल असे धरून चालले, तर दोघांचे काम आपापल्या परीने बिनचूक असूनही पान रंगहीन राहते. जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्याचे बटण तर काहीच करीत नाही. तिघांनी एकमेकांना विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. अ‍ॅरन्सन यांना चरित्राचे तुकडे मुद्दाम करावे लागले. वेबच्या पानाचे तुकडे मुळातच आहेत.

पण येथेच ती मर्यादा आड येते. सीएसएसचा तुकडा ज्याच्याकडे गेला तो दिवसअखेर रंग आणि मापेच शिकून घरी जातो. ही झाली कामाची वाटणी. कारखान्यात ती चालते, कारण तेथे वस्तू हवी असते. वर्गात माणूस तयार व्हायचा असतो, म्हणून तेथे देवाणघेवाण हवी.

एक कळफलक, दोन माणसे

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंट बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोग्रॅम लिहिण्याची जी रीत रूढ केली, तिच्यात एनिअ‍ॅकच्या खोलीतील जोडी पुन्हा अवतरली. एका संगणकापुढे दोघांनी बसायचे. कळफलक ज्याच्या हाती तो चालक. दुसरा वाटाड्या, त्याने पुढचा विचार करायचा, चूक दिसली की थांबवायचे आणि प्रश्न विचारायचे. थोड्या थोड्या वेळाने जागा बदलायच्या.

एका कामाला दोन पगार कशाला, ही शंका स्वाभाविक होती. लॉरी विल्यम्स यांनी १९९९ साली यूटा विद्यापीठातील ४१ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. १३ जण एकेकटे आणि २८ जण, म्हणजे १४ जोड्या, यांना सारखीच कामे दिली. सवय होईपर्यंत जोड्यांना बराच जादा वेळ लागला. मग दोघांचा मिळून वेळ एकट्यापेक्षा सुमारे १५ टक्के अधिक इतकाच राहिला. गणित करून पाहा. एकट्याला १० तास लागत असतील तर जोडीचे मिळून ११.५ तास, म्हणजे घड्याळात पावणेसहा तास. जोड्यांच्या प्रोग्रॅममधील चुकाही सुमारे १५ टक्क्यांनी कमी होत्या.

आपल्याकडील अनेक शाळांत एका संगणकामागे दोन-तीन विद्यार्थी बसतात, ते यंत्रे कमी म्हणून. बाहेरून दृश्य तेच दिसते, पण कळफलक बहुधा एकाच्याच हाती राहतो. फरक यंत्रांच्या संख्येत नाही. जागा बदलण्याच्या नियमात आहे.

लिहिलेले पुसून टाका

आता आपण एका दिवसाच्या वर्गाकडे येतो. जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर येथे काही प्रोग्रॅमर एक दिवस एकत्र जमले. कोरी हेन्स हे त्यांतले एक. या दिवसाला 'कोडरिट्रीट' म्हणतात. त्याचे नियम पुढे अनेक देशांत रुजले. जॉन कॉनवे या गणितज्ञाचा १९७० साली प्रसिद्ध झालेला 'जीवनाचा खेळ' सर्वांनी लिहायचा. चौकटींच्या अमर्याद कागदावर काही घरे जिवंत असतात. ज्या जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी आहेत ते जगते, ज्या रिकाम्या घराला बरोबर तीन आहेत तेथे जन्म होतो, बाकीची मरतात किंवा रिकामी राहतात. नियम एवढेच. जोडीने बसायचे, ४५ मिनिटे काम करायचे आणि मग लिहिलेले सर्व पुसून टाकायचे. नवा जोडीदार घ्यायचा आणि तेच काम पुन्हा पहिल्यापासून करायचे. असे दिवसभरात पाच-सहा वेळा.

पुसण्याचा नियम प्रथम विचित्र वाटतो. परंतु सहकार्याच्या प्रश्नावरचे हे सर्वांत मार्मिक उत्तर आहे, असे आम्हांला वाटते. दिवसअखेर वस्तू दाखवायची असेल तर गटातील हुशार माणूस कळफलक सोडत नाही. त्याने तो सोडू नये असे इतरांनाही वाटते, कारण सर्वांचे यश त्यात असते. वस्तू उरणारच नसेल तर पुढे धावून काही लाभ नाही. मग दुसऱ्याचे ऐकायला, निराळा मार्ग चाचपायला सवड मिळते.

नवशिक्यांना मात्र दिवसभर पुसतच ठेवले तर ते खचतात. त्यांना काहीतरी उभे राहिलेले दिसावे लागते. फिनलंडमधील हेलसिंकी येथे २०१० साली लिंडा लियुकास आणि कारी सारिनेन यांनी सुरू केलेले 'रेल्स गर्ल्स' आणि ओला सितार्स्का व ओला सेंडेत्स्का यांनी २०१४ साली बर्लिनमध्ये भरवलेले 'जँगो गर्ल्स' हे वर्ग या विचाराचे आहेत. कधीही प्रोग्रॅम न लिहिलेल्या मुली सकाळी येतात आणि संध्याकाळपर्यंत स्वतःचे छोटे संकेतस्थळ उभे करतात. जँगो गर्ल्समध्ये साधारण तिघींमागे एक मार्गदर्शक असे.

शास्त्रज्ञांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी १९९८ साली सुरू झालेल्या 'सॉफ्टवेअर कार्पेंट्री' या उपक्रमातून आणखी एक साधी युक्ती मिळाली. प्रत्येकाला दोन रंगांचे चिकट कागद द्यायचे. काम झाले की संगणकावर एक रंग लावायचा, अडले की दुसरा. सगळ्यांदेखत हात वर करण्याचा संकोच टळतो आणि शिकवणाऱ्याला वर्गाची स्थिती एका दृष्टिक्षेपात कळते. या वर्गांत शिक्षक तयार चित्रे दाखवीत नाहीत, सर्वांसमोर ओळी टंकतात. त्यांच्याही चुका होतात आणि त्या कशा शोधायच्या हे विद्यार्थ्यांना पाहायला मिळते.

असा एक दिवस

हे सारे धागे एकत्र करून चोवीस शिकाऊंचा दिवस कसा आखता येईल? आम्ही सुचवतो तो आराखडा असा.

सकाळी तिघांचे आठ मूळ गट करावेत. प्रत्येक गटात एकाकडे एचटीएमएल, एकाकडे सीएसएस, एकाकडे जावास्क्रिप्ट. मग एकेका भाषेचे आठ जण, चार-चार जणांच्या दोन मेजांवर, एक तास एकत्र बसतील. त्यांना निकालाच्या पानाचा आपला भाग समजून घ्यायचा आहे आणि तो दुसऱ्याला कसा समजवायचा हेही ठरवायचे आहे.

दुसऱ्या टप्प्यात सर्व जण मूळ गटात परततील. काम सुरू करण्यापूर्वी तिघांनी कागदावर नावे ठरवावीत: तक्त्याला काय म्हणायचे, बटणाला काय म्हणायचे. मग पान उभे करावे. कळफलक दर दहा मिनिटांनी पुढच्या हाती जाईल. चालक आपल्या भाषेचा भाग लिहिणार नाही. तो लिहिण्यासाठी दुसऱ्याला सांगेल. तज्ज्ञाच्या तोंडून आणि नवख्याच्या हातातून ओळ उतरली की दोघेही शिकतात.

दुपारी ते पान बाजूला ठेवावे आणि भाषांची अदलाबदल करून प्रत्येकाने सकाळी दुसऱ्याकडे असलेला भाग नव्याने लिहावा. २००७ च्या अभ्यासात दिसलेल्या मर्यादेवरचा हा इलाज आहे, आणि पुसून पुन्हा लिहिण्याचा लाभही त्यात मिळतो.

चौथ्या टप्प्यात थोडा मुद्दाम गोंधळ घालावा. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये 'गिट' ही प्रणाली लिहिली. एकाच मजकुरावर अनेकांनी केलेले बदल ती नोंदवते आणि जुळवते. दोघांनी एकच ओळ निरनिराळी बदलली तर मात्र ती थांबते आणि निर्णय माणसांवर सोपवते. दोन गटांना एकाच पानाची तीच ओळ बदलायला सांगावी. कोणाची ओळ ठेवायची आणि का, हे त्यांना बोलून ठरवावे लागेल. कोणी कोणता बदल केला हे गिटमध्ये नावानिशी राहते. एकाच संगणकावर अनेक जण काम करीत असतील तर ओळ सांगणाऱ्याचे आणि लिहिणाऱ्याचे अशी दोन्ही नावे नोंदीत लिहायची सवय लावावी. एनिअ‍ॅकच्या मुलींच्या वाट्याला जी विस्मृती आली ती आपल्या वर्गात येऊ नये.

शेवटचा अर्धा तास चाचणीचा. सर्वांत सुंदर पानाला बक्षीस देऊ नये. प्रत्येकाला दुसऱ्याने लिहिलेल्या चार ओळी द्याव्यात आणि त्या काय करतात, एक शब्द बदलला तर काय होईल, हे एकट्याने सांगायला लावावे.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला नवी धार आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने निकालाचे संपूर्ण पान क्षणार्धात लिहून देतात. गटातील जो हुशार मुलगा कळफलक सोडत नसे, त्याची जागा आता यंत्राने घेतली आहे, आणि मागे उभे राहणाऱ्यांत त्या हुशार मुलाचीही भर पडू शकते. तयार पान हा शिकल्याचा पुरावा पूर्वीही कच्चाच होता, आता तो जवळजवळ उरलेला नाही. यंत्राने लिहिलेली ओळ हीसुद्धा दुसऱ्याने लिहिलेली ओळच असते. ती वाचता येणे, तिच्यातील चूक दाखवता येणे आणि शेजाऱ्याला ती समजावून सांगता येणे, हे कौशल्य त्या सहा मुलींनी पुस्तकाविना, एकमेकींच्या मदतीने मिळवले होते. आपल्या वर्गात ते कोणाकोणाला आले, हे पाहायचे तर पानाकडे न पाहता प्रत्येक विद्यार्थ्याला आळीपाळीने एकच विचारावे: ही ओळ तुझी नाही, ती काय करते ते सांग.